विश्लेषण : बाजारात हात न घालणाऱ्या सरकारविरुद्ध शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांनी बंड का केले?

नावडे, कळंबोली, खारघर भागात राहणाऱ्या अनेकांना वासुदेव बळवंत फडके हे नाव माहीत असते ते पनवेलच्या नाट्यगृहामुळे. मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरचा चौकही त्यांच्याच नावाचा. आद्य क्रांतिकारक ही उपाधी शाळेच्या पुस्तकातून पाठ झालेली असते; पण सरकारी कचेरीत नीट नोकरी करणारा एक कारकून वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बंदूक का उचलतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर १८७६ ते १८७९ या काळातील सरकारी धोरणात आहे. सरकारने बाजारात हस्तक्षेप करू नये, खर्च कमी करावा, व्यापार खुला ठेवावा, या तत्त्वांचा तेव्हाचे राज्यकर्ते मोठ्या अभिमानाने उच्चार करत होते. त्याच वर्षांत त्यांनी नवे कर बसवले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली, जंगले ताब्यात घेतली आणि हत्यारांवर परवाने लावले. नावड्यापासून वीसेक किलोमीटरच्या आत जन्मलेल्या माणसाची ही गोष्ट त्यामुळे देशभक्तीची आहेच, पण सरकारने कुठे थांबावे आणि कुठे थांबू नये, या वादाचीही आहे.

फडके मूळचे कुठले?

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. फडक्यांचे आजोबा अनंतराव हे या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये पेशवाई संपताना किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याकडे उरली ती आठवण. वासुदेव यांचा जन्म शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई. शिक्षण कल्याण आणि मुंबईत, थोडे पुण्यात. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला तेव्हा नोकरी मिळे ती सरकारी कचेरीत किंवा रेल्वेत. फडके यांनी दोन्ही ठिकाणी काम केले आणि अखेर लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून ते पुण्यात स्थिरावले.

म्हणजे हे गृहस्थ कोणी उपाशी, देशोधडीला लागलेले नव्हते. महिन्याचा पगार होता, पुण्यात बिऱ्हाड होते, दत्तभक्ती होती, लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे तालमीत दांडपट्टा शिकणे होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी शाळा उभारण्याच्या कामात हात घातला. त्यातूनच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी वाढली. बंड केले नसते तरी पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

रजेचा अर्ज एवढा महत्त्वाचा का?

१८७० च्या सुमारास शिरढोणहून आई अत्यवस्थ असल्याचे कळले. फडके यांनी रजा मागितली. वरिष्ठांनी ती दिली नाही. रजा नसताना ते निघाले, पण घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. प्रत्येक चरित्रात हा प्रसंग येतो आणि बहुतेक ठिकाणी तो भावनेच्या अंगाने सांगितला जातो. त्यात दुसरीही एक बाजू आहे. रजा नाकारणाऱ्या साहेबाने कोणताही कायदा मोडला नव्हता. त्याच्या निर्णयावर दाद मागण्याची व्यवहार्य सोयच कारकुनाला नव्हती. कायद्याचे राज्य म्हणून ज्याची ओळख करून दिली जात होती त्या राज्यात, रोजच्या जगण्यात, एका माणसाची मर्जी हाच शेवटचा शब्द होता. फडके यांनी वर तक्रार केली. पण त्यातून आई परत येणार नव्हती. नोकरी मात्र त्यांनी सोडली नाही. ती पुढे आठ-नऊ वर्षे चालू राहिली. एका अपमानाने माणूस बंडखोर होतो, ही मांडणी सोपी आहे. फडके यांच्याबाबतीत ती पुरत नाही.

या मधल्या वर्षांत पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची व्यापारविषयक व्याख्याने झाली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल आत येतो आणि इथला कारागीर शेतीकडे ढकलला जातो, हे ते आकड्यांनिशी सांगत. एप्रिल १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा सरकारकडे अर्ज-विनंत्या पाठवत होती. तिचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, अंगावर खादी घालून फिरत. फडके यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि पुण्याच्या गल्ल्यांत थाळी वाजवून स्वतःच्याच व्याख्यानाची दवंडी स्वतःच दिली. रानडे यांचा मार्ग अर्जांचा होता आणि तो मार्ग चोखाळून पाहिल्यानंतरच फडके दुसरीकडे वळले.

दुष्काळात सरकारने नेमके काय केले?

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये जवळजवळ पडलाच नाही. पुणे, सातारा, सोलापूर, नगर आणि दक्षिणेकडे कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत पिके करपली. मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थानात स्थिती याहून भीषण होती. पुढील दोन वर्षांत ब्रिटिश अंमलाखालच्या मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज नंतरच्या दुष्काळ आयोगाने बांधला. त्यातली सुमारे ८ लाख मुंबई इलाख्यातली. नंतरच्या अभ्यासकांचे आकडे याहून मोठे आहेत.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन आणि त्यांचे सल्लागार यांची भूमिका स्पष्ट होती. सरकारने धान्य खरेदी करायचे नाही, भाव बांधायचे नाहीत, निर्यात रोखायची नाही. भाव वाढले की व्यापारी आपोआप धान्य त्या भागाकडे नेतील. सरकार मधे पडले तर व्यापारी बिचकतील आणि टंचाई वाढेल. अ‍ॅडम स्मिथ यांच्या ग्रंथात दुर्भिक्षाविषयी जे विवेचन आहे, त्यावर वाढलेल्या अधिकाऱ्यांच्या पिढीला हे जवळजवळ धर्मवाक्य वाटे.

या धोरणाची अंमलबजावणी पाहण्यासाठी रिचर्ड टेंपल यांना दुष्काळग्रस्त भागात पाठवण्यात आले. हे टेंपल म्हणजे या कथेतले दुसरे महत्त्वाचे पात्र. त्यांच्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण तीन वर्षांपूर्वी याच माणसाने नेमके उलटे केले होते. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये टंचाई पडली तेव्हा टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला, कामे काढली, घरोघर मदत पोहोचवली. उपासमारीने मृत्यू जवळपास झालेच नाहीत. त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली जायला हवी होती. झाले भलतेच. इंग्लंडमध्ये आणि कलकत्त्यात त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. माणसे मेली नाहीत त्याअर्थी दुष्काळ एवढा मोठा नव्हताच, असाही युक्तिवाद झाला. टेंपल यांनी या टीकेतून धडा घेतला, आणि तो चुकीचा घेतला असे म्हणणे भाग आहे.

१८७७ च्या सुरुवातीला त्यांनी सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करायला लावली. एका पुरुषाला दिवसाला १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर १ आणा. तेवढ्यावर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर अंगमेहनत करणारा माणूस टिकणार नाही, असे बजावले. मुंबई इलाख्यात मजुरांनीच निर्णय घेतला. एक लाखाहून अधिक लोक कामे सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. दुष्काळी मजुरांचा एवढा मोठा असहकार तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. सार्वजनिक सभेच्या या कामाला इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

मग बाजाराने काम केलेच नाही का?

इथे न्याय करायचा तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. मुंबई इलाख्यात रेल्वेमार्गाने खासगी व्यापाऱ्यांनी धान्य आणले, हे खरे आहे. भाव चढले आणि धान्य त्या दिशेने वाहू लागले. मद्रासपेक्षा इथला मृत्युदर कमी राहिला, याचे एक कारण तेही होते. लिटन यांचा सिद्धांत तेवढ्यापुरता चुकला नव्हता.

अडचण वेगळीच होती. स्टेशनच्या गोदामात ज्वारी होती, पण ती विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता. पीक नाही म्हणजे शेतमजुराला काम नाही. काम नाही म्हणजे मजुरी नाही. शेतकऱ्याने गुरे विकायला काढली तर सगळेच विकत असल्याने गुरांचा भाव कोसळलेला. भावाचा इशारा मिळून धान्य त्या माणसाकडे येते ज्याच्याकडे दाम आहे. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या भुकेचा बाजारात आवाजच उमटत नाही. अमर्त्य सेन यांनी विसाव्या शतकात दुष्काळांचा अभ्यास करून हेच तपशिलाने मांडले. म्हणूनच सरकारी कामांवरची मजुरी कळीची होती. तिने लोकांच्या हाती पैसा दिला असता आणि उरलेले काम व्यापाऱ्यांनी केले असते. सरकारने बाजार मोकळा ठेवला, पण बाजारात उभे राहण्याइतकी ताकद लोकांना देण्याचे टाळले.

आपल्याकडे शेतकरी संघटनेच्या चळवळीपासून खुल्या बाजाराची मागणी शेतकऱ्यांकडून होत आली आहे. कांद्यावर निर्यातबंदी आली की नाशिक जिल्ह्यात संताप उसळतो, तो सरकार भाव पाडते म्हणून. त्यामुळे खुला व्यापार म्हणजे गरिबाच्या विरोधातली गोष्ट, असा निष्कर्ष १८७७ वरून काढणे घाईचे ठरेल. तेव्हाचे सरकार बाजाराला जेवढे मोकळे सोडत होते, तेवढे माणसाला सोडत नव्हते. वाद तिथे आहे.

सरकारचा हात कुठे कुठे होता?

यादी करायला बसले तर ती लांबते. जमीन महसूल हा सर्वांत मोठा. दुष्काळातही सारा सरसकट माफ झाला नाही. पुष्कळ ठिकाणी वसुली पुढे ढकलली गेली आणि नंतरच्या वर्षांत थकबाकी म्हणून ती मागितली गेली. मिठावरचा कर मुंबई इलाख्यात याच काळात वाढला. पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठच्या लोकांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको: समोर मिठागर, आणि मीठ महाग. १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर लायसन्स कर आला. भावी दुष्काळासाठी निधी उभारायचा, असे त्याचे कारण दिले गेले. सुरतेत त्याविरुद्ध दंगल झाली आणि गोळीबार झाला. पुढे अफगाण युद्धाचा खर्च वाढला तेव्हा दुष्काळासाठी म्हणून घेतलेल्या पैशाचे काय झाले, यावरून कलकत्ता ते लंडन मोठी टीका झाली.

१८७८ हे वर्ष तर कायद्यांचेच. मार्चमध्ये देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर बंधने घालणारा कायदा आला. संपादकाकडून जामीन घेण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्यात होता, आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत नव्हते. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. त्याच वर्षी हत्यारांचा कायदा आला. त्याच वर्षी वनकायदा आला आणि डोंगरपट्ट्यातील लोकांचे लाकूडफाट्याचे, चराईचे परंपरागत व्यवहार परवानगीचे विषय झाले.

आणि मार्च १८७९ मध्ये, फडके पुण्याभोवतीच्या डोंगरात फिरत असतानाच, लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून विलायती जाड्याभरड्या कापडावरचे आयात शुल्क उठवले. कारण दिले खुल्या व्यापाराचे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ते हवे होते. तिजोरी रिकामी असताना मिठावरचा कर ठेवून कापडावरचा कर उठवणे हा खुल्या व्यापाराचा विजय होता की मँचेस्टरचा, हे तेव्हाच्या पुणेकरांना ओळखता येत होते.

बंड कसे झाले?

फडके यांनी आधी पुण्यातील सधन मंडळींकडे पैसा मागितला. कोणी दिला नाही. मग रामोशी, कोळी, धनगर, महार अशा समाजांतून माणसे गोळा करायला त्यांनी सुरुवात केली. रामोशी गावोगावी राखणीचे काम करत आणि त्याबदल्यात त्यांना वतन-बलुते मिळे. इंग्रजी पोलीस व्यवस्था आली आणि ते काम गेले; मागे उरला तो गुन्हेगारीचा शिक्का. ब्राह्मण कारकून आणि दौलतराव नाईक यांच्यासारखा रामोशी म्होरक्या एकत्र येणे ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळ लोणीच्या परिसरात जमवाजमव झाली आणि धामारीवर पहिला दरोडा पडला. पुढे पुणे-सातारा भागात अनेक गावांत धाडी झाल्या. योजना अशी होती की लुटीच्या पैशातून फौज उभी करायची, टपाल-तार आणि रेल्वे तोडायची, तुरुंग फोडून माणसे मोकळी करायची. मे महिन्यात फडके यांनी जाहीरनामा काढला. लोकांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, अशा त्यातल्या मागण्या. नाही ऐकले तर गव्हर्नरच्या डोक्यासाठी इनाम जाहीर केले होते. हा गव्हर्नर कोण? तर रिचर्ड टेंपल. १८७७ मध्येच ते मुंबईचे गव्हर्नर झाले होते. एक पौंडाच्या मजुरीचा हिशेब असा फिरून त्यांच्यापर्यंत आला. लंडनच्या टाइम्सनेही या जाहीरनाम्याची दखल घेतली.

मागण्यांकडे नीट पाहिले तर त्यात एक ताण दिसतो. फडके सरकारकडून एकीकडे कमी मागत होते, कमी कर आणि कमी पगार. आणि दुसरीकडे जास्त मागत होते, कामे काढा आणि लोकांना जगवा. आजच्या राजकारणात हे दोन परस्परविरोधी पक्ष मानले जातात. १८७९ च्या दख्खनमध्ये तो एकाच भुकेल्या माणसाचा अर्ज होता.

लुटले गेले ते कोण?

बंडाच्या कथेत या माणसांना क्वचितच जागा मिळते. धाडी पडल्या त्या सरकारी खजिन्यांवर नव्हे, तर बहुतेक सावकार आणि व्यापाऱ्यांच्या घरांवर. मे १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, त्यामुळे या वर्गाविषयी लोकांत सहानुभूती नव्हती. तरीही रात्री दार फोडून आत शिरलेल्या टोळीपुढे तो सावकार किंवा वाणी एकटाच होता. सरकारच्या मनमानीविरुद्ध उठलेल्या बंडाने खासगी माणसाच्या घरावर हात टाकला, ही गोष्ट फडके यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. त्यांना स्वतःला ती बोचत होती, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. आपली माणसे स्वराज्यापेक्षा लुटीच्या वाटणीत अधिक रमतात, हे लक्षात आल्यावर ते निराश झाले आणि माणसे दौलतरावांवर सोपवून श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला गेले. तिथे जीव द्यायचाही विचार त्यांनी केला होता.

पळस्प्याला काय घडले?

फडके दूर असताना दौलतरावांची टोळी घाट उतरून कोकणात आली. १० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास पळस्पे आणि चिखली इथे दरोडे पडले. सुमारे दीड लाख रुपयांची लूट झाली. साऱ्या बंडातली ही सर्वांत मोठी. आज पळस्पे फाट्यावर पुण्याची आणि गोव्याची वाट फुटते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या कोंडीत तासभर अडकलेल्या माणसाला हे आठवण्याचे काही कारण नसते. फडक्यांचे शिरढोण तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या नावाने पडलेला सर्वांत मोठा दरोडा त्यांच्याच गावाशेजारी पडला आणि ते स्वतः त्यात नव्हते. लूट घेऊन घाट चढताना मेजर डॅनियल यांच्या तुकडीने टोळीला गाठले. दौलतराव मारले गेले. बंडाचे कंबरडे तिथेच मोडले.

दोनच दिवसांनी, १३ मे रोजी, पुण्यात विश्रामबाग वाडा आणि बुधवार वाडा पेटले. संशय अर्थातच फडक्यांवर आणि पुण्याच्या ब्राह्मण मंडळींवर गेला. प्रत्यक्षात आग लावणारा निघाला एक सरकारी कारकून. तोवर रानडे यांची धुळ्याला रवानगी झालेली होती आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली जात होती. सरकारी नोकरीतील न्यायाधीश, बंडाशी काडीचाही संबंध नाही. पण व्याख्याने दिली, आकडे मांडले, एवढे पुरले.

फडके कसे पकडले गेले?

श्रीशैलहून परतताना रोहिले आणि इतरांची नवी फौज उभारण्याचा प्रयत्न फडके यांनी केला. हैदराबाद संस्थानच्या हद्दीत पाठलाग सुरू झाला. मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी इथे त्यांना पकडले. तापाने फणफणलेले फडके तेव्हा झोपेत होते. हे गाव आज कर्नाटकात विजयपुरा भागात येते.

पुण्यात खटला चालला. वकीलपत्र घ्यायला फार कोणी पुढे येईना, तेव्हा सार्वजनिक काका उभे राहिले. सत्र न्यायालयात महादेव चिमणाजी आपटे यांनी बचाव केला. फडक्यांविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा होता तो त्यांची स्वतःची रोजनिशी आणि आत्मवृत्त. कारकुनाची सवय असेल, सगळे नीट लिहून ठेवलेले. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

खटला झाला, ही बाब छोटी नाही. १८२७ चे एक रेग्युलेशन मुंबई सरकारच्या हाती होते. त्याखाली माणसाला आरोप न ठेवता, न्यायालयापुढे न नेता अटकेत ठेवता येत असे. पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलले गेले. फडके यांना मात्र उघड न्यायालय, वकील आणि उलटतपासणी मिळाली. त्यामुळेच त्यांची बाजू वर्तमानपत्रांत छापून आली आणि न्यायालयाबाहेर गर्दी जमली.

बंडानंतर सरकार बदलले का?

काही बाबतींत झपाट्याने. फडक्यांचा खटला चालू असतानाच दख्खन शेतकरी साहाय्य कायदा मंजूर झाला. तो मुख्यतः १८७५ च्या दंग्यांच्या चौकशीतून आला होता. कर्जरोख्यावर जे लिहिले आहे तेच खरे, असे न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक बंद केली. कराराचे स्वातंत्र्य पवित्र मानणाऱ्या सरकारने टाकलेले हे मोठे पाऊल. त्याचे दुष्परिणामही झाले. सावकारांनी हात आखडता घेतला, किंवा कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. अडलेला शेतकरी अधिकच अडला, अशी उदाहरणे पुष्कळ घडली.

१८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळात लोकांना जगवणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या: पाऊस हुकला की कधी कामे काढायची, मजुरी किती द्यायची, कामाच्या लायकीचे नसलेल्यांना कसे जगवायचे. धान्याचा व्यापार मात्र खासगी हातीच ठेवला. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात रोजगार हमी आली तिच्या घडणीत या संहितांचा दूरचा वाटा आहे. वर्तमानपत्रांवरचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात मागे घेतला गेला. हत्यारांचा आणि जंगलांचा कायदा राहिला.

टेंपल १८८० मध्ये मुंबईचे गव्हर्नरपद सोडून इंग्लंडला गेले आणि पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले. पडले. मुंबईत त्यांचा पुतळा उभारला गेला.

एडनमध्ये काय झाले?

अंदमानऐवजी फडके यांना एडनच्या तुरुंगात ठेवायचे ठरले. जानेवारी १८८० मध्ये जहाजाने त्यांची रवानगी झाली. अरबी समुद्राच्या पलीकडचे ते बंदरही तेव्हा मुंबई सरकारच्याच कारभाराखाली होते. एकदा कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. पण भोवती वाळवंट, अंगात शक्ती नाही, भाषा परकी. काही मैलांवर पकडले गेले आणि बेड्या वाढल्या. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. वय ३७.

पत्नी गोपिकाबाई मागे राहिल्या. फडक्यांनी त्यांना लिहाय-वाचायला शिकवले होते, घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवले होते, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पतीच्या मागे त्यांनी दीर्घकाळ वैधव्यात काढला. शिरढोणला फडक्यांचे स्मारक आणि वाडा आजही पाहता येतो. नावड्याहून जायचे तर पनवेलमार्गे पळस्पे फाटा गाठायचा आणि गोव्याच्या रस्त्याला लागायचे.